अंगावर राहिलेलं दुखणं ओळखायचं कसं? बौद्धिक दिव्यांग प्रौढांच्या तब्येतीसाठी सोलापुरातल्या घरांना आणि आशाताईंना

सुरुवातीलाच एक नियम पाठ करा. बौद्धिक दिव्यांग माणसाचं वागणं अचानक बदललं, तर त्याला काहीतरी दुखतंय असं धरून चालायचं. दुखत नाही याची खात्री पटली की मगच हट्ट, राग, नजर, अमावास्या यांच्याकडे वळायचं. आपल्याकडे हा क्रम बहुतेक वेळा उलटा लागतो आणि तेवढ्यात दुखणं हाताबाहेर जातं. बाकीची माणसं दुखणं अंगावर काढतात ती खाडा नको, खर्च नको म्हणून. या माणसांच्या अंगावर ते नुसतं राहून जातं. ‘इथे दुखतंय’ एवढं त्यांना जुळवून सांगता येत नाही आणि त्यांनी केलेली खूण समोरच्याला कळत नाही.

खालची माहिती अठरा वर्षांपुढच्या माणसांची आहे. घरात आपण ‘मतिमंद’ किंवा ‘विशेष’ म्हणतो, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘बौद्धिक दिव्यांगत्व’ म्हणतात. वाचनलेखनापुरती अडचण असलेली अध्ययन अक्षमता वेगळी, ती इथे धरलेली नाही. विशेष शाळेत असेपर्यंत वर्षातून एकदा तरी कुणीतरी वजन घेतं, दात बघतं. अठराव्या वर्षी शाळा सुटते आणि तिच्याबरोबर तपासणीही सुटते. पुढची तीस-चाळीस वर्षं ते काम घरच्यांना, दिव्यांग प्रौढांच्या कार्यशाळेतल्या शिक्षकांना आणि आशाताईंनाच करावं लागतं.

आधी ‘नेहमीचं’ काय ते लिहून काढा

बदल ओळखायचा तर मूळ काय होतं ते माहीत हवं. शंभर पानी वही घ्या आणि माणूस बरा असताना सलग चौदा दिवस लिहा. रात्री किती वाजता झोपला, मध्ये उठला का. किती भाकऱ्या, किती तांबे पाणी. शौचाला कितीदा, घट्ट की पातळ. चालताना पाय कसा टाकतो. आनंदात कोणता आवाज काढतो, कंटाळला की काय करतो. शांत झोपेत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. मोठ्या माणसाचे साधारण 12 ते 20 असतात. बसलेला असताना नाडी आणि काखेतला ताप पाहून ठेवा. रक्तदाब उपकेंद्रात किंवा जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात मोजून आणा. वजन दर महिन्याच्या एकाच तारखेला, आणि दर वेळी त्याच काट्यावर.

हे आकडे आजारपणात कामाला येतात. ज्याची नाडी एरवी 60 असते त्याची 95 झाली, तर पुस्तकाच्या हिशेबाने ती ठीकच दिसते, पण त्याच्यासाठी ती मोठी उडी असते. 55 किलोच्या माणसाचं सहा महिन्यांत प्रयत्न न करता पावणेतीन किलो उतरलं तर डॉक्टरला दाखवायलाच हवं. वहीत रोज ‘बरा आहे’ असं लिहिण्यात अर्थ नाही. आकडा लिहा किंवा जे डोळ्यांनी दिसलं ते लिहा. लिहिणारा एकच असावा आणि वेळ ठरलेली असावी. रात्रीच्या जेवणानंतरची वेळ बऱ्याच घरांत जमते. चौदा दिवसांनंतर रोज दोनच ओळी पुरेत: शौच, आणि काही वेगळं दिसलं असेल तर तेवढं.

बदल दिसला की डोक्यापासून पायापर्यंत

डोकं आपटणं, स्वतःला चावणं, ताट ढकलणं, एका जागी गप्प बसून राहणं, एका कुशीवर न झोपणं, आवडीच्या गाण्यालाही न हसणं. यातलं काहीही नवीन दिसलं तर पंधरा मिनिटं काढा. पुरेसा उजेड हवा, आणि ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे तोच माणूस जवळ हवा. प्रत्येक पायरी आधी स्वतःच्या अंगावर करून दाखवा आणि मग त्याच्या अंगावर करा. जिथे तो हात झिडकारतो, तोंड वाकडं करतो किंवा एकदम श्वास रोखतो, तिथे थांबा आणि नीट बघा.

तोंडापासून सुरुवात करा, कारण सगळ्यात जास्त सुटतं ते तिथेच. मोबाईलचा टॉर्च लावून शेवटच्या दाढांपर्यंत बघा: काळा खड्डा, सुजलेली हिरडी, गालाच्या आत फोड. एकाच बाजूने चावतो का, थंड पाणी तोंडाला लागलं की मान झटकतो का, गालावर थापट्या मारून घेतो का? दाढेत पू झालेला माणूस असाच वागतो आणि घरात त्याला ‘डोकं फिरलंय’ म्हणतात. आपल्या भागात दात दुखला की मिश्री लावायची सवय आहे. ती तंबाखूच आहे. घडीभर बधिरपणा येतो, व्यसन लागतं आणि दाढ आत कुजत राहते. अशा माणसाला मिश्री लावून देऊ नका.

मग कान. या मंडळींच्या कानात मळ घट्ट बसलेला असणं फार सामान्य आहे. ऐकू कमी आलं की घरच्यांना वाटतं, ‘आता ऐकेनासा झालाय, हट्टी झालाय.’ कोमट तेल ओतू नका, काडी घालू नका. पडद्याला भोक असेल तर तेल आत जाऊन संसर्ग होतो. मळ कान-नाक-घसा विभागातच काढून घ्या. डोळ्यांत पांढरी झाक, सतत चोळणं, तिन्हीसांजेला पायरीवर अडखळणं ही मोतीबिंदूची किंवा नंबर वाढल्याची चिन्हं असू शकतात.

छातीकडे आल्यावर पुन्हा एक मिनिट श्वास मोजून वहीतल्या आकड्याशी ताडून पहा. पोट चारही बाजूंनी हलक्या हाताने दाबा. पोटाबद्दल पुढे सविस्तर आहे. लघवी करताना रडतो का, थेंबथेंब होते का, वास उग्र आहे का? सात-आठ तास लघवी नाही आणि ओटीपोट टणक झालंय, तर घरी थांबू नका. जांघा, काखा, स्तनांखालची त्वचा पहा. उन्हाळ्यात इथे नायट्याने सालटं जातात आणि माणूस रात्रभर खाजवत बसतो. पायाची नखं, टाचेतला काटा आणि चपलेचा पट्टा घासतोय का तेही पहा. जो बसूनच असतो त्याची माकडहाडाजवळची जागा, टाचा आणि कोपर बघा. लाल झालेल्या जागी बोट दाबून सोडल्यावर लाली जात नसेल, तर ती जखमेची सुरुवात आहे. बायकांच्या बाबतीत पाळीच्या तारखा वहीशी जुळवा. दर महिन्याला त्याच दोन दिवशी चिडचिड होत असेल तर ते पाळीचं दुखणं असू शकतं.

शरीर पाहून झाल्यावर मनाकडे या. घरात कुणी गेलं असेल आणि याला सांगितलंच नसेल, तर तो महिनोन्‌महिने त्या माणसाला शोधत राहतो. ‘त्याला काय कळतंय’ म्हणून अंत्यदर्शनापासून दूर ठेवणं ही मोठी चूक आहे. गेलं म्हणजे परत येणार नाही, हे साध्या शब्दांत आणि फोटो दाखवून सांगा. पुन्हा पुन्हा सांगावं लागेल, तेवढ्या वेळा सांगा.

दुखण्याचा संशय आहे पण जागा सापडत नाही, अशा वेळी डॉक्टर एक साधा उपाय सांगतात. प्रौढाला पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅमची एक गोळी देऊन तासाभराने पाहायचं. वागणं निवळलं तर दुखत होतं हे जवळपास पक्कं. दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर ठेवा. यकृताचा आजार असेल किंवा तो दारू घेत असेल तर आधी विचारा. गोळीने शांत झाला म्हणून डॉक्टरकडे नेणं मात्र टाळू नका. दुखतंय एवढंच तुम्हाला कळलंय, का दुखतंय ते अजून कळायचंय.

त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठायचा तो या वेळी: श्वास नेहमीपेक्षा बराच वाढला, ओठ निळसर पडले, हिरवी किंवा पुन्हा पुन्हा उलटी, पोट फुगून टणक, उठवल्यावर नीट जागा होत नाही, एक हात-पाय अचानक लुळा, किंवा चालणारा माणूस एकाएकी चालेना. 108 ला फोन करताना ‘बौद्धिक दिव्यांग आहे, बोलून सांगू शकत नाही’ हे पहिल्याच वाक्यात सांगा.

बद्धकोष्ठता: साधी वाटते, साधी नसते

कमी हालचाल, कमी पाणी आणि औषधांचे परिणाम या तिन्हींमुळे या माणसांत बद्धकोष्ठता मुरलेली असते. तिच्यामुळे आतडं बंद पडून जीवही जाऊ शकतो. तीन दिवस शौच नाही किंवा लेंड्यांसारखे खडे पडतात, तर उपाय सुरू करा. एक चूक मात्र फार घरांत होते. आत घट्ट मळ अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ पाणी झिरपतं. कपडे खराब होतात. घरच्यांना वाटतं जुलाब लागले, म्हणून जुलाब बांधायची गोळी दिली जाते. आधीच अडकलेलं आणखी अडकतं. आधी चार दिवस काही झालेलं नव्हतं आणि आता पातळ गळतंय, असं वहीत दिसलं तर ती गोळी देऊ नका. डॉक्टरला दाखवा.

उपायांचा क्रम असा. आधी पाणी: हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार नसेल तर दिवसाला आठ-दहा ग्लास, ठरलेल्या वेळी हातात देऊन. तो मागेल तेव्हा देऊ, हे इथे चालत नाही. मग पालेभाजी, पेरू, पपई. त्यानंतर वेळ: जेवणानंतर वीस-तीस मिनिटांनी आतडं आपणहून हलतं, तेव्हाच दहा मिनिटं शौचाला बसवा. भारतीय पद्धतीच्या संडासात बैठक आपोआप बरोबर होते. कमोडवर बसत असेल तर पायाखाली आठ-नऊ इंचांचा पाट ठेवा, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतील. एवढं करून जमलं नाही तर डॉक्टर लॅक्टुलोजसारखं औषध देतात. इसबगोल मनाने सुरू करू नका. ते पाणी शोषून फुगतं. पाणी कमी पडलं तर गोळा होऊन आतच बसतं, आणि ज्याला गिळताना त्रास आहे त्याच्या घशातही अडकू शकतं.

दवाखान्यात न्यायचं एक पान

कागदाची एक बाजू, मोठ्या अक्षरात, प्लॅस्टिकच्या पाकिटात. डॉक्टरला पूर्ण फाईल वाचायला वेळ नसतो, हे पान तो वाचतो. त्या माणसाच्याच आवाजात लिहिलं की वाचणाऱ्याची नजरही बदलते. नमुना असा:

‘माझं वय 34. मराठी कळते, बोलता येत नाही. घरी आम्ही तेलुगू बोलतो. दुखण्याला मी “नोप्पी” म्हणतो. खूप दुखलं की उजव्या हाताचं मनगट चावतो. भीती वाटली की कान झाकतो, तेव्हा दोन मिनिटं थांबा. मला फिट येते, शेवटची दिवाळीत आली होती. व्हाल्प्रोएट सकाळी आणि रात्री घेतो, मात्रा मागच्या बाजूला लिहिली आहे. सल्फाच्या गोळ्यांनी अंगावर पुरळ आलं होतं. गोळी शिऱ्यात घालून नको, पाण्याबरोबर घेतो. पाणी छोट्या घोटांनी लागतं, मोठा घोट घेतला की ठसका लागतो. सुई टोचण्याआधी मला दाखवा आणि दहापर्यंत मोजा. माझ्याशी बोला, फक्त वहिनीशी नको.’

सोलापुरात भाषेची ओळ फार महत्त्वाची आहे. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कन्नड, तर काही घरांत दखनी बोलतात. कन्नड घरातला माणूस ‘नोवु’ म्हणत असेल आणि वॉर्डात कुणाला कळलं नाही, तर त्याने सांगूनही न सांगितल्यासारखंच झालं. पान वर्षातून दोनदा आणि प्रत्येक औषधबदलानंतर नवीन लिहा. जुन्या मात्रेचं पान पान नसण्यापेक्षा घातक.

सिव्हिलचा दिवस

श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, हे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे. मेडिसिन, मानसोपचार, कान-नाक-घसा असे विभाग एकाच आवारात मिळतात. गर्दी असणारच. म्हणून आदल्या दिवशी घरातल्या एकाने एकट्याने जाऊन यावं: केसपेपर कुठे निघतो, कोणता विभाग कोणत्या दिवशी, बसायला शांत जागा कुठे. जाताना प्रवेशद्वार, खोली, वजनकाटा यांचे फोटो काढून आणावेत आणि रात्री त्याला दाखवावेत, ‘उद्या इथे जायचं’ म्हणून.

दुसऱ्या दिवशी दोघांनी जा. एक रांगेत उभा राहील, दुसरा त्याला घेऊन बाहेर झाडाखाली थांबेल. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 25 मध्ये तपासणी आणि उपचारात दिव्यांगांना प्राधान्य देण्याची तरतूद आहे. खिडकीवर भांडू नका. वैश्विक ओळखपत्र (दिव्यांगांचं सरकारी UDID कार्ड) पुढे करून शांतपणे सांगा, ‘बौद्धिक दिव्यांग आहे, गर्दीत थांबू शकत नाही, कलम 25 प्रमाणे आधी घ्या.’ पिशवीत पान, वही, सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, पाण्याची बाटली, कोरडा खाऊ, जादा कपडे आणि त्याची स्वतःची ओळखीची चादर असू द्या.

आत गेल्यावर पहिलं वाक्य हे असावं: ‘हा एरवी असा नसतो, मंगळवारपासून बदललाय.’ मग काय बदललं ते आकड्यांत. डॉक्टर ‘अशा पेशंटमध्ये असं असतंच’ म्हणाले, तर आदराने पण ठाम विचारा: ‘डॉक्टर, दिव्यांग नसलेला माणूस हाच त्रास घेऊन आला असता तर कोणती तपासणी केली असती? तीच करू या.’ हा प्रश्न उर्मटपणाचा नाही. चांगला डॉक्टर यावर थांबून विचार करतो.

रक्त काढणं ही सगळ्यात मोठी अडचण. पाच दिवस आधीपासून घरी सराव करा. दंडाला ओढणी बांधायची, कोपराच्या खळग्यात ओला कापूस फिरवायचा, दहापर्यंत मोजायचं, सोडायचं, लगेच आवडीचं काही द्यायचं. लिग्नोकेन आणि प्रिलोकेनचं बधिर करणारं मलम डॉक्टरांकडून लिहून घ्या. ते टोचण्याच्या तासभर आधी लावून वर प्लॅस्टिकचा पापुद्रा चिकटवावा लागतो. दहा मिनिटांपूर्वी लावलं तर उपयोग होत नाही आणि घरचे म्हणतात मलमच खोटं. काय काय तपासायचं ते सगळं आधी विचारून घ्या म्हणजे एकाच टोचणीत भागेल. चौघांनी धरून रक्त काढणं जिवावर बेतलं असेल तेव्हाच. एरवी ते एकदा जमतं, पण पुढची दहा वर्षं तो माणूस दवाखान्याच्या पायरीवर पाय ठेवत नाही.

वर्षातून एकदा, थंडीत

डिसेंबर-जानेवारी ठरवून टाका. हवा बरी असते, वाटेत हाल कमी होतात. वजन, कंबर, रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड, दात, कान, डोळे, गिळणं, त्वचा, पायांची चाल आणि सगळ्या औषधांचा आढावा. धनुर्वाताची लस बाकी असेल तर तीही घ्या.

डाऊन सिंड्रोम असेल तर थायरॉइडची तपासणी दर वर्षी हवीच. सुस्ती, वजन वाढणं, कोरडी त्वचा याला ‘त्याचा स्वभावच संथ’ म्हणून सोडतात, आणि रोजच्या एका गोळीने सुटणारं दुखणं वर्षानुवर्षं राहतं. मोठ्याने घोरणं आणि झोपेत श्वास अडखळणं सांगा. मानेच्या वरच्या मणक्यांत सैलपणा असू शकतो, म्हणून चालण्यात नवा डळमळीतपणा, मान वाकडी धरणं, लघवीवरचा ताबा जाणं हे तातडीचं समजा. चाळिशीनंतर स्मृतिभ्रंशाची सुरुवात इतरांपेक्षा लवकर होऊ शकते. ओळखीच्या गल्लीत वाट चुकणं, शर्टाची बटणं लावता न येणं हे नवीन असेल तर वहीत तारखेसह लिहा.

आशाताईंसाठी एक गोष्ट. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा असंसर्गजन्य आजारांचा फॉर्म तुम्ही घरोघरी भरता. त्यात दिव्यांग माणसाचं नाव राहून जातं, कारण घरचे ‘त्याचं काय लिहायचं’ म्हणतात. त्याचंही लिहा. रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कर्करोग दिव्यांगत्व पाहून येत नाही. आणि विडी वळणाऱ्या घरात तो दिवसभर तंबाखूच्या सुपाशेजारीच बसलेला असतो, तर खोकला मुद्दाम विचारा. त्याची बसायची-झोपायची जागा पानतंबाखूपासून दूर, दाराजवळ करायला सांगा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी.

फिट

बौद्धिक दिव्यांग माणसांपैकी साधारण पाचांतल्या एकाला फिटचा आजार असतो. फिट आली की घड्याळ बघा, डोक्याखाली मऊ काही सरकवा, आजूबाजूचं कठीण सामान हलवा, झटके थांबताच कुशीवर वळवा. तोंडात चमचा, रुमाल, पाणी काही नाही. कांदा आणि चप्पल हुंगवल्याने फिट थांबत नाही, ती आपणहून थांबते आणि श्रेय चपलेला मिळतं. पाच मिनिटांच्या पुढे गेली, शुद्ध न येता दुसरी आली किंवा पाण्यात आली, तर 108. नाकात मारायचा मिडाझोलमचा फवारा वजनाप्रमाणे लिहून मिळतो. तो घरात, कार्यशाळेत आणि प्रवासाच्या पिशवीत ठेवा आणि शेवटची तारीख पाहत राहा. दुसऱ्या कुणी फिटचा व्हिडिओ काढला तर डॉक्टरला फार मदत होते.

आपल्या जिल्ह्यात फिट वाढायची दोन ठरलेली कारणं आहेत: उपवास आणि जागरण. एकादशीला ‘आज काही खायचं नाही’ म्हणून गोळीही राहते. उपवास असला तरी गोळी घ्यायचीच, आणि अशा माणसाला कडक उपवास धरायला लावूच नका. जानेवारीतल्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेला न्यायचं तर दुपारी न्या. होम मैदानावरचं रात्रीचं दारूकाम, तो आवाज, ती गर्दी आणि बुडालेली झोप यांनी दुसऱ्या दिवशी फिट येऊ शकते. आणखी एक: न्हाणीघराची कडी आतून लावू देऊ नका. हौदापेक्षा बादली-तांब्या बरा.

ताट

घशात घास अडकणं आणि अन्न फुप्फुसात उतरून होणारा न्यूमोनिया ही या माणसांच्या मृत्यूची मोठी कारणं आहेत. सोलापूरच्या ताटात धोक्याच्या दोन वस्तू आहेत: कडक भाकरी आणि शेंगांची कोरडी चटणी. भाकरी आमटीत चुरून मऊ होऊ द्या, वरून कोरडा तुकडा नको. चटणी दह्यात कालवा. भाजलेले शेंगदाणे, हुरड्याचे मूठभर दाणे, सुकं खोबरं ज्याला ठसका लागतो त्याला नकोच.

ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, चमचा लहान, घास गिळल्यावरच दुसरा. भरभर कोंबत असेल तर ताटात एका वेळी चौथा हिस्साच वाढा. टीव्ही बंद. जेवल्यावर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. पाणी पिताना खोकला, जेवल्यावर आवाज ओला होणं, वारंवार छाती भरणं दिसलं तर गिळण्याची तपासणी मागा. घास अडकला आणि खोकता, बोलता येत नसेल, तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थपडा, मग मागून मिठी मारून बेंबीच्या वर आत-वर पाच दाब, आणि निघेपर्यंत हेच आलटून-पालटून. घरातल्या प्रत्येकाने हे एकदा कोरडं करून पाहिलेलं असावं, आणि 108 ला फोन कोण करणार तेही ठरलेलं असावं.

एप्रिल-मे

इथला पारा 43 अंशांच्या वर जातो. तहान सांगता न येणारा माणूस आणि घाम कमी करणारी औषधं हे जोड धोक्याचं आहे. ट्रायहेक्सिफेनिडिल, टोपिरामेट आणि मानसोपचारातली काही औषधं उष्णता सोसण्याची ताकद कमी करतात. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी कमी झालं की औषध रक्तात साचून विषबाधा होते. मार्चमध्येच डॉक्टरला विचारून ठेवा. औषध मनाने बंद करू नका.

दर तासाला अर्धा ग्लास पाणी, ताक किंवा सरबत हातात द्या आणि लघवीचा रंग बघा. गडद पिवळी झाली की कमी पडतंय. पत्र्याच्या खोलीत दुपारी बारा ते चार ठेवू नका. अंग भाजतंय, बरळतोय, ताप 104 फॅरनहाइटच्या वर, तर आधी सावली, कपडे सैल, अंगावर पाणी ओतून पंख्याचा वारा, काखेत-जांघेत ओला कपडा, आणि त्याच वेळी 108. बेशुद्ध असेल तर तोंडाने पाणी नाही.

गोळ्या

‘राग कमी व्हायची गोळी’ म्हणून एकदा सुरू झालेलं औषध दहा-दहा वर्षं चालू राहतं, कुणी विचारत नाही. दर सहा महिन्यांनी तीन प्रश्न विचारा: हे कशासाठी, फायदा झाला हे आपण कशावरून म्हणतो, कमी करून पाहता येईल का. रिस्पेरिडोनसारख्या औषधाने भूक, वजन आणि साखर वाढते, म्हणून सुरू केल्यावर तीन महिन्यांनी साखर आणि चरबी तपासून घ्या, मग वर्षातून एकदा. फेनिटोइनने हिरड्या सुजतात, अनेक वर्षांनी हाडं ठिसूळ होतात. बारीक पडझडीनंतर लंगडत असेल तर एक्स-रे काढा. फिटची गोळी संपायच्या सात दिवस आधी आणा, आणि दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची दिली तर डॉक्टरला विचारून मगच बदला.

बाईच्या शरीराबद्दल

पाळी सांभाळता येत नाही म्हणून गर्भाशय काढून टाकू या, असं अजूनही घराघरांत बोललं जातं. 1994 साली पुण्यात संस्थेतल्या मुलींवर अशा शस्त्रक्रिया झाल्या तेव्हा राज्यभर संताप उसळला होता. आजच्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 10 सांगतं की दिव्यांग व्यक्तीच्या स्वतःच्या मोकळ्या आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय मूल होणं थांबवणारी कोणतीही वैद्यकीय क्रिया करता येणार नाही. शिवाय गर्भाशय काढल्याने अत्याचाराचा धोका एका कणानेही कमी होत नाही, फक्त गर्भ राहून तो उघड होण्याची वाट बंद होते. पाळीचा सराव होऊ शकतो. तारखेच्या दोन दिवस आधी पॅड लावून बसायची सवय, आतल्या कपड्यावर पॅड कुठे चिकटवायचं याची रंगीत दोऱ्याने शिवलेली रेघ, आणि दर चार तासांनी घड्याळाचा गजर. रक्तस्राव जास्त असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ गोळ्यांचा मार्ग सांगतात. एखादी बाई अचानक अंघोळीला घाबरू लागली, एखाद्या माणसाला पाहून आकसू लागली, तर ते गांभीर्याने घ्या.

कागद

वैश्विक ओळखपत्राचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो, लाभांसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुदिव्यांगत्वासाठी वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचं आरोग्यविमा संरक्षण देते, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. नूतनीकरणाची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा, कारण बहुतेकांचं तिथेच तुटतं. अठरा पूर्ण झाल्यावर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री हे आठवून उपयोग नाही. पालकत्व मिळालं तरी जे त्याला समजू शकतं ते चित्र दाखवून त्यालाच विचारायचं. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे असतात. वजनकाटा, कमोड खुर्ची, तपासणीला जायची गाडी यांची मागणी ग्रामसभेत लेखी द्या.

आणि हे सगळं एकट्या आईच्या डोक्यात राहू देऊ नका. तीही साठीला आलेली असते, तिचा गुडघा, तिचा रक्तदाब आहेच. महिन्यातला एक रविवार ठरवा. त्या दिवशी गोळ्या, ताट, शौचाची नोंद आणि रात्रीची वही भावाने किंवा वहिनीने सांभाळायची आणि आईने फक्त बघायचं. पहिल्या रविवारी चार चुका होतील, त्या वहीत लिहा. दवाखान्याची पिशवी दाराशेजारच्या खुंटीला, पान तिच्या बाहेरच्या कप्प्यात, आणि ती कुठे आहे हे घरातल्या लहान मुलालाही माहीत असू द्या.